श्वास संथ, हात चपळ

अगं, परीक्षा आली की तुझं ठरलेलं, "ताई, सगळं येत होतं, पण ऐन वेळी सुचलंच नाही." त्यात तुझी बुद्धी कमी पडत नाही, हे आधी मनात पक्कं कर. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, शेजारच्या लूमखात्याचा खडखडाट, वर सुरतेच्या उधना दरवाज्याची गर्दी. मज्जासंस्थेला उसंतच मिळत नाही. मग पेपर हातात पडताच छाती धडधडते नि लक्ष पांगतं.

यावर योगाचा उपयोग होतो, आणि तो मोजूनही पाहिलाय. आपल्या गुजरातेत डभोईला जन्मलेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत नेला. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी 27 विद्यार्थ्यांकडून 12 आठवडे योग करून घेतला. 1992 साली छापलेले त्यांचे आकडे बघ: डोळ्यांना खूण दिसल्यापासून हात हलेपर्यंत आधी सरासरी 270 मिलिसेकंद लागत, नंतर 225. फरक एवढासाच वाटेल. पण ताशी 40 च्या वेगात तुझी स्कूटी तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेली असते. मगदल्ला रस्त्याने विद्यापीठात जाताना कुणी आडवं आलं, तर तो अर्धा मीटर फार मोलाचा.

तूही मोजून बघ. मैत्रिणीला पट्टी उभी धरायला सांग, शून्यापाशी तुझी बोटं उघडी ठेव. तिनं न सांगता सोडली की पकड. 20 सेंटीमीटरवर पकडलीस तर साधारण 200 मिलिसेकंद, 30 वर पकडलीस तर 250. पाच वेळा कर, सरासरी वहीत लिही. रात्र जागून काढलीस की आकडा कसा वाढतो, तेही बघ.

घर एका खोलीचं असलं तरी चटईपुरती जागा असतेच ना? सकाळी उपाशीपोटी थोडे सूर्यनमस्कार घाल. मग ताठ बसून चार अंक मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती उतरवते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोराचा श्वासोच्छ्वास, मात्र शिकवणाऱ्याशिवाय नको. आणि झोपेची उणीव प्राणायामानं भरून निघत नाही, बाई.

पेपरच्या आदल्या दिवशी सुरू करू नकोस. मनाला आणि अंगाला सवय लागायला आठवडे जातात. उद्या सकाळीच चटई टाक. अडलं तर मला फोन कर, आपण दोघी मिळून करू.