एंजिनाचा आवाज आणि त्याचे निदान

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे भारतातील मोटार-उद्योगाचे एक जुने केंद्र होय. १९०३ साली येथील सिम्प्सन कंपनीत सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी वाफेवर चालणारी मोटार बांधली. पुढे एन्नोर येथे अशोक लेलँडच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या, वंडलूरच्या परिसरात १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड ही मोटार बनली आणि १९९८ साली श्रीपेरंबुदूरजवळ ह्युंदाईच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. शहरातील पुदुपेट हा भाग तर मोटारींच्या जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा शहरात केवळ आवाज ऐकून एंजिनाचा दोष सांगणारे कुशल मिस्त्री आढळावेत, हे स्वाभाविकच आहे. पाहणाऱ्यास ही एखादी सिद्धी वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी ध्वनिशास्त्राचे व यंत्रशास्त्राचे अगदी साधे नियम आहेत.

आवाज कसा उत्पन्न होतो?

एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात एक दट्ट्या वरखाली होत असतो. संयोगदांडा त्याची ही गती भुजादंडास देतो व भुजादंड फिरू लागतो. हे भाग परस्परांस प्रत्यक्ष टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये वंगणतेलाचा अतिशय पातळ थर असतो. भाग झिजून फट वाढली, अथवा तेलाचा दाब कमी झाला, म्हणजे धातूवर धातू आदळू लागतो. हाच तो ठोका होय.

निदान करताना तीन प्रश्न विचारावयाचे असतात : आवाज किती वेळा येतो? कोठून येतो? आणि कोणत्या स्थितीत वाढतो अथवा थांबतो?

पहिला प्रश्न : किती वेळा?

नेहमीच्या पेट्रोल एंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन ही चार कार्ये भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुरी होतात. म्हणून झडपा उघडणारा कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर कॅमदंडाचे फेरे ४०० होतात. एखाद्या झडपेच्या टॅपेटची फट वाढली असेल, तर मिनिटास ४०० वेळा हलकी टकटक ऐकू येते. भुजादंडाकडील सैल बेअरिंगाचा ठोका जड व खोल असतो, आणि तो बहुधा प्रत्येक फेऱ्यास पडतो. अशा रीतीने केवळ लयीवरून दोष एंजिनाच्या माथ्याशी आहे की तळाशी, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

दुसरा प्रश्न : कोठून?

हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादात ५,००० मीटरांहून अधिक. घन पदार्थातून तो केवळ वेगानेच नव्हे, तर स्पष्टपणेही पोहोचतो. मिस्त्री लांब पेचकसाचे टोक एंजिनावर टेकवून मूठ कानाजवळ धरतो, त्याचे कारण हेच. १८१६ साली रने लायनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. मिस्त्र्याचा पेचकस हा त्या उपकरणाचा दूरचा भाऊबंदच म्हणावयास हवा. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट, तेथे त्याचे उगमस्थान जवळ.

तिसरा प्रश्न : केव्हा?

एंजिन थंड असताना येणारा व तापल्यावर नाहीसा होणारा आवाज बहुधा सैल दट्ट्याचा असतो. उष्णतेने दट्ट्या प्रसरण पावतो व फट भरून निघते. पावसाळी सकाळी सुरू होताच किंचाळणारा आवाज सहसा ढिल्या अथवा झिजलेल्या पट्ट्याचा असतो.

एक परीक्षा फार उद्‌बोधक आहे. एका सिलिंडरातील ज्वलन क्षणभर थांबवावे. ठोका मंदावला, तर त्या सिलिंडराच्या संयोगदांड्याचे बेअरिंग संशयास्पद ठरते, कारण त्यावरील भार निघून गेलेला असतो. टॅपेटची टकटक मात्र तशीच चालू राहते. आजच्या गाड्यांत ही परीक्षा तपासणी-यंत्राच्या साहाय्यानेच करतात. प्लगची तार हाताने काढणे धोक्याचे असते.

उष्णता आणि ठोका

चढावर किंवा भरलेली गाडी ओढताना कधीकधी धातूवर खडे पडावेत असा खणखणाट होतो. येथे कोणताही भाग सैल नसतो. स्फुलिंगाने पेटलेली ज्योत सिलिंडराच्या कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण अतिउष्णतेने आपोआप पेटते आणि त्या दाबलहरीने सिलिंडराच्या भिंती कंप पावतात. ही कंपने सेकंदास सुमारे ६ ते ७ हजार असतात. चेन्नईत मे महिन्यात तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आत येणारी हवाच उष्ण असल्याने हा दोष बळावतो.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून हा ठोका थांबविला. परंतु शिसे विषारी ठरले, आणि भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. आता एंजिनावर बसविलेला संवेदक हा कंप ओळखतो आणि त्यानुसार स्फुलिंग किंचित उशिरा पाडले जाते.

पुराचे पाणी

१ व २ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत अतिवृष्टी झाली, अड्यार नदीस पूर आला व असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळीही हाच प्रसंग ओढवला. अशा गाडीची किल्ली फिरविणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. तो का, हे एका उदाहरणाने कळेल.

१,२०० घन सेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक दट्ट्या ३०० घन सेंटिमीटर जागा व्यापून सरकतो. संपीडन-गुणोत्तर १० असल्यास दट्ट्या वर पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर केवळ ३३ घन सेंटिमीटर जागा उरते. हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ मुळीच दाबले जात नाही. म्हणून लहानशा पेल्यात मावेल एवढे पाणीही दट्ट्यास अडविते आणि संयोगदांडा वाकतो. एंजिन पुढे चालले, तरी खडखड करीत चालते, आणि वाकलेला दांडा नंतर मोडून एंजिन फोडण्याचा संभव असतो. म्हणून बुडालेली गाडी सुरू न करता ओढून न्यावी. प्लग काढून, पाणी काढून, तेल बदलावे व मगच एंजिन फिरवून पाहावे.

सावधगिरी

जड ठोक्याबरोबर तेलाचा लाल दिवा लागला, तर एंजिन तत्काळ बंद करावे. आणखी थोडे अंतरही त्यास कायमचे निकामी करू शकते. बंद खोलीत एंजिन चालवून आवाज ऐकू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि तो प्राणघातक आहे. सैल कपडे, ओढणी व केस फिरत्या पट्ट्यांपासून दूर ठेवावेत.

अभ्यास

१. एंजिन मिनिटास १,२०० फेरे घेत असता एका सैल टॅपेटची टकटक मिनिटास किती वेळा ऐकू येईल?
२. थंड एंजिनाचा आवाज तापल्यावर थांबला, तर त्याचे कारण काय संभवते?
३. संपीडन-गुणोत्तर ११ असल्यास वरील उदाहरणातील किती पाणी दट्ट्यास अडवील?