दारू सुटल्यानंतरची सोबत

प्रश्न : पतीने दारू सोडली आहे. पुण्यात आधारगट मिळेल का? ‘तिथे देवाधर्माचं बोलतात’ म्हणून ते जायला तयार नाहीत.

उत्तर : मिळेल. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा पुण्यात भरतात. फी नाही, नाव गुप्त राहतं. १९८६ पासून काम करणारं येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही मार्गदर्शन करेल. देवाचा उल्लेख होतो हे खरं, पण सदस्यत्वाची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात, रुग्णाला अशा गटांशी पद्धतशीरपणे जोडणारे उपचार पूर्ण व्यसनमुक्ती टिकवण्यात इतर उपचारांहून सरस ठरले. मला ते पटतं; अपरात्री तलफ येते तेव्हा दवाखाना बंद असतो, गटातला सोबती फोन उचलतो. मात्र पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं, तर एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. आणि कुटुंबीयांच्या अल-अ‍ॅनॉन गटात तुम्ही आजच जा. त्यासाठी पतीचा होकार लागत नाही.