वणांचा बोका घरी आणताना

अंगावर व्रण असलेलं मांजर दत्तक घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात दया दाटलेली असते. ती असावीच. पण तिच्या भरात पहिल्याच भेटीत मांजर उचलून घरी आणू नका, एवढं मी खंडूच्या अनुभवावरून कळकळीने सांगते.

खंडू मुंबईच्या एका मासळी बाजारातला. एका कानाची पाळी फाटलेली, नाकावर आडवी चीर, कपाळभर बारीक वण, आणि पाठीवर तळहाताएवढी तुळतुळीत, केस नसलेली कातडी. ज्या मुलीने त्याला बाजारातून सोडवून आपल्या घरी ठेवलं होतं ती म्हणाली, ‘‘कुणीतरी उकळतं पाणी ओतलं हो ताई. माणसांनी फार छळलंय याला.’’ तिने पाठवलेले फोटोही सगळे पाठीचेच होते. ऐकून माझ्या पोटात कालवलं. तरी घरी माझी म्हातारी मांजर मनी असल्यामुळे मी आधी डॉक्टरांकडे नेऊया म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पाठीकडे जेमतेम पाहिलं. भाजल्याचा वण जुना होता, पूर्ण भरलेला. चेहऱ्यावरच्या खुणा तर माणसाने केलेल्या नव्हत्याच. नसबंदी न झालेले बोके हद्दीवरून आणि भाटीवरून भांडतात, समोरासमोर भिडतात, म्हणून त्यांचे वण डोक्यावर, कानांवर आणि पुढच्या पायांवर असतात. पळताना चावा बसला तर तो शेपटीच्या बुडाशी. मग त्यांनी खंडूचा ओठ वर केला. वरचा एक सुळा मोडलेला होता आणि हिरडीत पू झाला होता. ज्या दुखण्याने तो रोज बेजार होत होता ते कुठल्याच फोटोत नव्हतं.

मांजर ओरडून दुखणं सांगत नाही. मान तिरकी करून एकाच बाजूने चावतं, कोरडा दाणा तोंडात घेऊन खाली टाकतं, वाटीपाशी येऊन परत फिरतं, अंग चाटणं सोडतं. भेटायला जाल तेव्हा त्याला खाताना आणि चालताना बघा. मगच गोष्ट ऐका, आणि गोष्ट ऐकल्यावर कागद मागा: जखम कधी झाली, कुणी टाके घातले, औषध काय दिलं, रेबीजची लस कोणत्या तारखेला टोचली. सांभाळणाऱ्यांना याचा राग येतो असं काही जणांना वाटतं. मनापासून काम करणाऱ्यांना येत नाही; त्यांना असा विचारणारा माणूसच हवा असतो.

प्रत्येक खूण छळाचीही नसते. कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर ती बहुधा नसबंदीची खूण, भूल दिलेली असतानाच केलेली. पांढुरका पडलेला डोळा अनेकदा पिल्लूपणीच्या सर्दीच्या विषाणूमुळे झालेला असतो. केस गेलेला, कोंडा सुटलेला गोल चट्टा दिसला तर तो व्रण नसून गजकर्ण असू शकतं, आणि ते आपल्यालाही होतं. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या कडेवर किंवा नाकावर भरतच नाही अशी खपली असेल तर अजिबात थांबू नका. उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग तिथूनच सुरू होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भांडणाचे वण असलेल्या बोक्याची एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन विषाणूंची रक्तचाचणी हवीच. एफआयव्ही 1986 साली कॅलिफोर्नियात प्रथम सापडला. तो मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू खचवतो आणि मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. एफईएलव्ही एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीत खाण्यातूनही जातो. माणसाला दोन्हींचा धोका नाही. खंडूची पहिली चाचणी निर्दोष आली आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चावा ताजा असेल तर एफआयव्ही लगेच दिसत नाही, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर तो वेगळ्या खोलीत राहील.

आणि चावा ताजाच निघाला. आठवडाही झाला नसेल, पुढचा पाय सुजला, गरम लागू लागला. मांजराचा सुळा सुईसारखा. तो जंतू खोल नेतो, वरचं भोक लगेच मिटतं आणि आत गळू होतं. ते डॉक्टरांनीच फोडायचं असतं. घरी हळदीचे लेप नकोत. डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि फिनेल मांजराला विषारी. जमिनीवरचं फिनेल पंजाला लागून चाटण्यातून पोटात जातं. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची सोयच त्याच्या यकृतात पुरेशी नसते. कुत्र्यांचं गोचीड मारायचं औषधही लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला सोसत नाही.

पाय धरताना खंडूने मला ओरबाडलं. त्यात त्याचा काय दोष? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी लस घ्यायला गेले. मांजराच्या नखाने रेबीज होत नाही अशा समजुतीत कृपा करून राहू नका.

दुसरी एफआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली. त्या दिवशी मी खूप रडले. त्याला वेगळं ठेवलं होतं म्हणून मनी सुरक्षित राहिली. पुढे नसबंदीनंतर खंडूची भांडखोरी ओसरली, जाळीआडून वास, मग नजर, मग एकाच खोलीत लांब बसणं, अशा सावकाश ओळखीनंतर आज दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना झोपतात. भांडत नसलेल्या मांजरांमध्ये हा विषाणू सहसा पसरत नाही. अशी मांजरं वर्षानुवर्षं नीट जगतात, मात्र घराबाहेर सोडायची नाहीत, खिडक्यांना जाळी हवी, कच्चं मांस-मासळी बंद, आणि दर सहा महिन्यांनी वजन आणि तोंड तपासायचं.

येणारेजाणारे ‘‘अरेरे, बिचारा!’’ म्हणत थेट पाठीवर हात ठेवतात, तो ठेवू देऊ नका. भाजलेली कातडी कुणाला हुळहुळते, कुणाला बधिर असते, आणि उन्हात लवकर पोळते. त्याला पलंगाखाली खोका द्या, जवळ जमिनीवर बसा, टक लावून बघू नका. तो आपण होऊन येईल तेव्हा हाताचा वास घेऊ द्या, मग गालाला स्पर्श करा.

छळ खरोखर झाला असेल तर तक्रार करा. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये आहे, ही लाजेची गोष्ट आहे. पण प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. त्यासाठी जखम ताजी असतानाचे फोटो आणि डॉक्टरांचा लेखी अहवाल लागतो. म्हणून सोडवणाऱ्यांनी आधी तेवढं करून ठेवावं.

आणि दत्तक घेताना एक अट लेखी घ्या: काही कारणाने तुम्हाला सांभाळणं अशक्य झालं तर देणारी व्यक्ती त्याला परत घेईल. विषाणू असलेल्या, वणांच्या बोक्याला दुसरं घर मिळणं फार कठीण असतं.