ग्रहण सुटल्यावर सुचलेलं शहाणपण

दासगावात चहाच्या टपरीवर बसून सरकारं पाडण्यात मी बरीच वर्षं घालवली. काखेत पंचांग, तोंडात राहू-केतू. त्या उद्योगातून हाती लागलं ते एवढंच.

1. भविष्य मी नेहमी बातमी आल्यावरच सांगितलं. 16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण झालं आणि 17 तारखेला शरद पवारांचं पुलोद सरकार बरखास्त! मी शाळकरी पोर, पण 'ग्रहणाने राजा खाल्ला' असं आळीभर सांगत सुटलो. खग्रास सावली गेली होती कर्नाटक-आंध्रावरून आणि तिथली सरकारं जागची हलली नव्हती, हे कुणी विचारलं नाही. जूनमध्ये आमच्या सावित्री नदीच्याच काठावरल्या आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री झाले, तेव्हा तेच ग्रहण मी शुभ ठरवून टाकलं.

2. माझं एकही भाकीत चुकलं नाही, याचा मला फार तोरा होता. ते चुकणं शक्यच नव्हतं, हे उशिरा कळलं. वर्षात किमान दोन, कधी पाच सूर्यग्रहणं होतात. सरकार कधीही पडो, मागेपुढे तीनेक महिन्यांत एखादं सापडतंच. हा हिशेब माझ्या भाच्याने चहात बोट बुडवून टपरीच्या बाकावर मांडून दाखवला. चहाचे पैसे मीच दिले.

3. एका ग्रहणाचं फळ किती वर्षं मोजायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. 6 जानेवारी 1665 च्या सूर्यग्रहणात शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरला, म्हणजे आमची सावित्री उगम पावते तिथे, जिजाऊंची सुवर्णतुला केली. सहा महिन्यांच्या आत पुरंदरचा तह, तेवीस किल्ले गेले. 'अशुभ' लिहून मी वही मिटली. पण नऊ वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला, तो कुठल्या रकान्यात घालू?

4. ग्रहणाचं खरं राजकारण आकाशात नव्हतं, आमच्या खळ्यात होतं. आजी सांगायची, ग्रहण सुटलं की हाक यायची, "दे दान, सुटे गिराण!" मग ती जुनेर आणि पसाभर तांदूळ घेऊन जायची आणि वरूनच टाकायची. सूर्य सुटायचा; खळ्याबाहेर उभा असलेला माणूस काही सुटायचा नाही. पुढे ती हाक बंद झाली. कुठल्या योगावर, ते आजीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

5. तो योग आमच्याच बंदरावर होता. 24 डिसेंबर 1927 ला बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि माणसांच्या लोंढ्यासोबत महाडला गेले. त्याच रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली. जुन्या ग्रहणांच्या तारखा चाळताना परवा दिसलं: 24 ला अमावास्या, आणि सूर्यग्रहणही! तेही पार दक्षिण ध्रुवाकडचं, इथे न दिसणारं. अंगावर काटा आला, हात वहीकडे गेला. मग वाटलं, अमावास्येला मी महाडच्या बाजारालासुद्धा जात नाही. बोटीत चढणाऱ्यांनी माझा सल्ला घेतला असता तर? वही परत फळीवर ठेवली. पण खोटं कशाला बोलू, ते पान दुमडून ठेवलंय.