वायू आत जातोय की बाहेर?

बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीला चंदन नदीच्या काठावर उभं राहिलं की पाणी कोणीकडे वाहतंय हे कुणी सांगावं लागत नाही. एक वाळकं पान सोडलं की कळतं. पण हाच प्रश्न कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एखाद्या दीर्घिकेबद्दल विचारला तर? तिथे पान सोडता येत नाही, काठ बदलता येत नाही. तरीही तिच्या मध्यभागचा वायू आत ओढला जातोय की बाहेर फेकला जातोय, हे खगोलशास्त्रज्ञ सांगू शकतात. ते कसं, हा आजचा धडा.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती वायू गोळा झाला की तो घुसळून तापतो आणि प्रचंड ऊर्जा बाहेर टाकतो. अशा केंद्राला सक्रिय केंद्र म्हणतात. या केंद्राचं खाद्य म्हणजे थंड वायू, आणि नवे तारे जन्मतात तेही याच थंड वायूतून. म्हणजे शिधा एक आणि खाणारे दोन! वायूच बाहेर फेकला गेला, तर दोघांचीही चूल विझते. म्हणून दिशेचा प्रश्न महत्त्वाचा.

या थंड वायूत मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात, पण थंडीत ते जवळजवळ मुकेच असतात. त्यांच्या सोबत थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो, तो बोलतो. तो २.६ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. हवेतली वाफ अशा लहरी शोषते, म्हणून त्या ऐकणारी ‘आल्मा’ ही ६६ अँटेनांची दुर्बीण चिलीच्या कोरड्या आटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर बांधली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही याच प्रश्नावर काम करणारी दुर्बीण आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जीएमआरटी उभी राहिली. तिच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. मिलिमीटर लहरी तिला ऐकू येत नाहीत. पण अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची खूण ती टिपते. रेणूंच्या ढगाभोवती बहुधा हा हायड्रोजन असतोच.

आता दिशा. आगगाडी शिट्टी देत जवळ येताना आवाज बारीक लागतो आणि दूर जाताना जाड होतो. लहरींचंही तसंच. वायू आपल्याकडे येत असेल तर वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते. वेग सेकंदाला ३०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग असेल, तर १४२० मेगाहर्ट्झची खूण साधारण १.४ मेगाहर्ट्झने सरकते. अर्थात, सबंध दीर्घिकेची स्वतःची गती आधी वजा करायची.

इथेच खरी गोम आहे. वायू आपल्याकडे येतोय एवढं कळून भागत नाही. तो केंद्राच्या अलीकडे असेल, तर तो केंद्रापासून बाहेर निघालाय. पलीकडे असेल, तर तोच वायू केंद्राकडे चाललाय! खूण एक, अर्थ दोन.

ही कोंडी फुटते सावलीमुळे. केंद्र स्वतः रेडिओलहरी सोडत असेल आणि त्याच्यासमोर वायू असेल, तर तो वायू आपल्या ठरलेल्या वारंवारतेवर त्या लहरी शोषतो. दिव्यासमोर हात धरल्यावर सावली पडते, तसं. सावली दिसली म्हणजे वायू अलीकडेच, यात शंका नाही. मग वारंवारता वाढलेली असेल तर वायू बाहेर, घटलेली असेल तर आत. सरक अगदी थोडी असेल तर मात्र घाई नको, कारण केंद्राभोवती नुसता फिरणारा वायूही तेवढी दाखवू शकतो.

बाहेरचा झोत किती मोठा असू शकतो? मर्केरियन २३१ या दीर्घिकेत फ्रान्समधल्या आल्प्सवरच्या दुर्बिणीने घेतलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या नोंदी २०१० साली प्रसिद्ध झाल्या. दरवर्षी अंदाजे ७०० सूर्यांएवढा वायू बाहेर पडतोय, असा हिशेब निघाला. तिथे तारे बनण्यात मात्र वर्षाला सुमारे २०० सूर्यांएवढाच वायू खर्च होतो. हाच वेग टिकला तर थंड वायूचा साठा साधारण एक कोटी वर्षांत संपेल. दीर्घिकेच्या आयुष्यात हा काळ म्हणजे चार दिवस. बाहेर पडलेल्यातला काही वायू परतही येऊ शकतो, म्हणून हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यायचा.

जाता जाता एक गणित. सक्रिय केंद्रासमोरच्या हायड्रोजनची सावली, दीर्घिकेची गती वजा केल्यावर, ०.७१ मेगाहर्ट्झने खाली सरकलेली दिसली. वायू कुठे चाललाय, किती वेगाने? आधी स्वतः करून पाहा, मगच पुढे वाचा.

उत्तर: सेकंदाला सुमारे १५० किलोमीटर वेगाने, आत.