सायकलवरची उमेदवारी

सुताराकडे पोर आधी उमेदवारी करते, मग रंधा धरते. भांडणे मिटवण्याची उमेदवारी कोठे करावी?

आमच्या वणीकडून वर्धा नदी ओलांडली, की वरोरा. तेथे आनंदवन वसवणाऱ्या बाबा आमट्यांनी अशी एक चालती शाळा काढली होती, बरे का!

1984 साली इंदिराजींची हत्या झाली. दिल्लीत शिखांची घरे जाळली, माणसे मारली. पंजाबात तर रक्त सांडतच होते. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1985 मध्ये, शंभरावर तरुण मुलेमुली कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाली. नाव ठेवले 'भारत जोडो'. बाबा सत्तरीपुढचे. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसता येईना. गाडीत आडवे पडून ते बरोबर गेले.

रोज नवा गाव, नवी बोली. थांबायचे, आपले सांगायचे, लोकांचे ऐकून घ्यायचे. यात ऐकणेच अवघड. आम्ही वर्गात जन्मभर बोललो, पोरांचे ऐकले थोडे!

एवढ्याने पंजाब शांत झाला का? नाही. पुढे कित्येक वर्षे तो धुमसत होता. तरी 1988 साली बाबा तरुणांना घेऊन पुन्हा निघाले. या खेपेला अरुणाचलातल्या इटानगरहून थेट गुजरातेतल्या ओख्याला.