अंथरूण पाहून संकल्प

वर्षातून दोन वेळा माझ्या खर्डीच्या दवाखान्यात संकल्पांची गर्दी होते. एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास. कोणी साखर कायमची सोडतो, कोणी रोज पहाटे धावायचे ठरवतो. महिनाभरात त्यातले बहुतेक संकल्प विरून जातात आणि आपण हसून सोडून देतो. पण प्रत्येक मोडलेला संकल्प हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. एका चुकीच्या संकल्पापायी एका गृहस्थांच्या पायाचे बोट गेलेले मी पाहिले आहे. तो संकल्प त्यांना मीच करायला लावला होता, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हे गृहस्थ ठाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला. पहाटे अंधारात घर सोडून कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायची आणि रात्री नऊच्या सुमारास घरी परतायचे. वय सेहेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी किलो. तपासणीत मधुमेह निघाला. मी गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिले : रोज एक तास चालणे, भात पूर्ण बंद, सहा महिन्यांत पंधरा किलो वजन कमी. त्यांनी मान डोलावली. मलाही कर्तव्य पार पाडल्याचे समाधान वाटले.

आठ दिवस ते रात्री दहा वाजता चालायला गेले. नवव्या दिवशी गाडी उशिरा आली आणि खाडा पडला. पुढच्या आठवड्यात भाच्याची हळद होती, तिथे भात खाल्ला गेला. "आता डॉक्टरांना काय तोंड दाखवू?" म्हणून ते त्या महिन्यात आले नाहीत, पुढच्याही नाहीत. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. दीड वर्षाने आले ते पायाला फडके गुंडाळून. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. बूट चावल्याचे त्यांना कळलेच नव्हते. जखम चिघळली होती. शहरातल्या रुग्णालयात करंगळीजवळचे बोट काढावे लागले.

चालणे बंद झाले हे त्यामानाने लहान नुकसान होते. संकल्प मोडला म्हणून लाज वाटली, लाजेमुळे दवाखाना सुटला आणि दवाखान्याबरोबर औषध सुटले. न झेपणाऱ्या संकल्पाचा खरा धोका हा आहे.

चूक कोठे झाली?

त्यांना माहिती नव्हती, असे मुळीच नाही. नुसत्या माहितीने आचरण बदलत असते तर डॉक्टरांना हृदयविकार झालाच नसता. गडचिरोलीत आयुष्यभर लोकांच्या आरोग्याचे काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच, हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आपली जीवनपद्धती कशी बदलली, हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. चूक होती ती संकल्पाच्या बांधणीत. म्हणून कोणताही संकल्प करण्यापूर्वी त्याला पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. हे माझ्या हातात आहे का?

आपल्या शहापूर-मुरबाडचा शेतकरी 'यंदा इतके पोती भात पिकवीन' अशी शपथ घेत नाही. तो वेळेवर राब भाजतो, रोपे तयार करतो, पाऊस धरला की लावणी करतो. पीक किती येईल ते त्याच्या हाती नसते, लावणी असते. वजनाचा आकडा म्हणजे पीक आणि रोजचे चालणे म्हणजे लावणी. संकल्प लावणीचा करावा.

हेच अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींना लागू आहे. 'रक्त वाढवायचे' हा संकल्प नव्हे. 'डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी रोज रात्री जेवणानंतर घेईन आणि त्या वेळी चहा पिणार नाही' हा संकल्प. चहामुळे लोह अंगी लागत नाही.

२. माझ्या वाईटातल्या वाईट दिवशीही हे जमेल का?

आपण संकल्प करतो तो सुट्टीच्या दिवशी, ताज्या मनाने. पाळायचा असतो तो गाडी उशिरा आलेल्या दिवशी. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत. थोडक्याने काय होणार, अशी शंका घेऊ नये. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उद्दिष्ट होते ते फक्त शेकडा सात वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याइतका व्यायाम. एवढ्यानेही या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासातही (२००६) आहार व चालण्यातील बदलांनी हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाला शेकडा सात म्हणजे जेमतेम सहा किलो. मी मागितले होते पंधरा!

३. केव्हा आणि कोठे?

'वेळ मिळेल तेव्हा चालेन' म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही. नवी सवय जुन्या सवयीला बांधावी. गोळीचे पाकीट जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवले की डबा उघडताना आठवण होते. अडचणीचा विचारही आधीच करावा. 'पाऊस असेल तर घराच्या ओटीवर फेऱ्या मारीन' असे आधी ठरलेले असले की पावसाचे निमित्त उरत नाही.

४. खाडा पडला तर?

खाडा पडणारच. लंडनमध्ये नव्या सवयींचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५० च्या वर लागतील असा हिशेब निघाला. मात्र एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा एक खाडा म्हणजे संकल्प मोडला असे समजू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. आणि काहीही झाले तरी औषध व तपासणी सोडू नये.

जखम पूर्ण भरल्यावर त्या गृहस्थांना मी पुन्हा समोर बसवले. या वेळी मी सांगितले कमी आणि विचारले जास्त. घर ते स्टेशन पायी पंधरा मिनिटे, पण ते जाता-येता रिक्षाने जात. ते म्हणाले, "एवढे तर मी चालू शकतो." जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, झाली १५० मिनिटे! भात बंद केला नाही. आधी भाजी-आमटी घ्यायची, भात एकदाच वाढून घ्यायचा, पुन्हा नाही. रात्री झोपण्यापूर्वी पत्नीने दिव्याखाली दोन्ही तळपाय पाहायचे. मऊ, बंद पादत्राणे घ्यायची. आणि शेवटचे कलम मी माझ्यासाठी घातले : पथ्य मोडले तरी दवाखान्यात यायचे, डॉक्टर रागावणार नाहीत.

आज या गोष्टीला वर्ष होत आले. वजन चार किलो उतरले आहे, साखर आटोक्यात आहे. अधूनमधून रिक्षा होते, लग्नसराईत भात दुसऱ्यांदा वाढला जातो. ते येतात आणि स्वतःच सांगतात. गेलेले बोट मात्र परत येणार नाही.

वाचकहो, आज रात्री एकच ओळ लिहा : मी काय करीन, केव्हा आणि कोठे. ती घरातल्या दिनदर्शिकेशेजारी चिकटवा आणि पाळलेल्या प्रत्येक दिवसावर फुली मारा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पायाला जखम असेल, तर चालणे सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि मागचा संकल्प मोडल्याच्या संकोचाने ज्यांनी दवाखान्याची पायरी चढणे सोडले आहे, त्यांनी याच आठवड्यात यावे. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल.